नास्तिक, निरीश्वर आणि बौद्ध

रामदासपेठेत दर रविवारी आमचा पालीचा एक लहानसा अभ्यासवर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात त्या वर्गात भौतिकशास्त्रात एम्. एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपण देव मानीत नाही, आत्मा मानीत नाही, विज्ञान मानतो. मग जनगणनेच्या अर्जात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' कशासाठी लिहावयाचे? 'नास्तिक' एवढे लिहिले तर पुरे नाही काय?" वर्गात दोन-तीन वयोवृद्ध उपासक बसले होते. त्यांपैकी एक आजोबा १९५६ साली पाच वर्षांचे होते आणि वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षेच्या मैदानावर गेले होते. ते म्हणाले, "पोरा, आम्ही काय फक्त देव टाकायला गेलो होतो तेथे?" वर्ग हसला; पण प्रश्न शिल्लक राहिला, आणि मलाही त्या दिवशी त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही.

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्धांची नोंद झाली. त्यांतील सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रातील होते. त्याच जनगणनेत धर्म न सांगणाऱ्यांची संख्या सुमारे २९ लाख होती. आपल्या सुशिक्षित तरुणांपैकी काहींचा ओढा पहिल्या रकान्याकडून दुसऱ्याकडे आहे, हे घरोघरी दिसते. दीक्षा घेतलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्र शासनाच्या सवलती पुन्हा मिळण्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. 'बौद्ध' हा शब्द ज्यांनी एवढी किंमत देऊन लिहिला, त्यांच्या नातवंडांना तो अनावश्यक वाटावा, यामागे काही वैचारिक घोटाळा आहे की खरोखरच काही नवी जाणीव आहे, हे तपासले पाहिजे. त्यासाठी आधी 'नास्तिक' या शब्दाकडे वळू.

हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. पाणिनीने 'अस्ति', 'नास्ति' आणि 'दिष्ट' या तीन शब्दांवरून आस्तिक, नास्तिक व दैष्टिक ही नावे साधली. टीकाकारांच्या मते तेथे 'आहे' किंवा 'नाही' म्हणावयाचे ते परलोकाविषयी. ईश्वराचा तेथे संबंध नाही. मनुस्मृतीत अर्थ पालटतो. वेदाची निंदा करणारा तो नास्तिक, आणि अशा माणसाला सज्जनांनी बहिष्कृत करावे, अशी तेथे आज्ञा आहे. देव न मानणारा तो नास्तिक, हा आज रूढ असलेला अर्थ या दोहोंनंतरचा असून इंग्रजी शिक्षणाने तो पक्का झाला. बौद्धांना शतकानुशतके नास्तिक म्हटले गेले ते मनूच्या अर्थाने. ती शिवी होती, आणि तिचा रोख ईश्वरापेक्षा वेदाच्या व वेदावर जगणाऱ्या वर्गाच्या अधिकारावर होता.

याची साक्ष मीमांसकच देतात. सातव्या शतकातील कुमारिलभट्ट हा बौद्धांचा कट्टर प्रतिपक्षी. 'श्लोकवार्तिका'त त्याने जगाचा कर्ता ईश्वर असल्याची कल्पना तर्काने खोडून काढली आहे. सृष्टी निर्माण करण्याची इच्छा त्याला का झाली, दुःखमय जग त्याने का घडविले, हे त्याचे प्रश्न एखाद्या बौद्ध आचार्याने विचारावेत असे आहेत. तरीही कुमारिल आस्तिकांच्या पंक्तीत मानाने बसतो, कारण वेद अपौरुषेय, यज्ञ अनिवार्य आणि वर्णभेद वेदसिद्ध, या तिन्ही गोष्टी त्याला मान्य होत्या. ईश्वर गेला, पण पुरोहित आणि त्याची दक्षिणा जागच्या जागी राहिली. प्राचीन सांख्यांचीही गोष्ट थोडीफार अशीच आहे. आपल्या तरुण मित्रांनी हे उदाहरण मनात ठेवावे. देव नाकारल्याने वर्णव्यवस्था आपोआप ढासळत असती, तर ती मीमांसकांच्या हातूनच ढासळली असती.

आता तिपिटकाकडे वळू. सामञ्ञफलसुत्तात मगधाचा राजा अजातसत्तु भगवंतांपुढे त्या काळच्या सहा आचार्यांची मते सांगतो. त्यांतील अजित केसकंबली हा खऱ्या अर्थाने नत्थिकवादी होय. दान नाही, यज्ञ नाही, कर्माचे फळ नाही, परलोक नाही, माता नाही, पिता नाही. मनुष्य चार महाभूतांचा बनलेला असून मेल्यावर पृथ्वी पृथ्वीत आणि तेज तेजात मिळून जाते, असे त्याचे मत होते. त्यातील यज्ञाचा नकार आपल्याला आवडेल, महाभूतांचा विचारही आवडेल. पण ऐकणारा कोण आहे, ते पाहिले पाहिजे. अजातसत्तु हा पित्याचा वध करून गादीवर बसलेला राजा. 'माता नाही, पिता नाही, फळ नाही' याहून अधिक सांत्वन त्याला कोणते मिळणार होते? तरीही त्याचे समाधान झाले नाही. आंब्याविषयी विचारावे आणि उत्तर लकुचफळाविषयी मिळावे, तसे झाले, असे तो स्वतःच सांगतो. सुत्तकारांनी ही तक्रार पितृघातक्याच्या तोंडी घातली आहे, आणि ती योगायोगाने घातली असेल, असे मला वाटत नाही.

विज्ञानाच्या दृष्टीने त्याहून मनोरंजक आहे तो दीघनिकायातील पायासि. कोसल देशातील सेतव्या नगरीचा हा अधिपती परलोक मानीत नसे आणि त्यासाठी तो प्रयोग करी. देहदंड झालेल्या चोराला जिवंत असता मोठ्या कुंभात कोंबून, तोंड ओल्या चामड्याने व मातीने बंद करून त्याने तो कुंभ भट्टीत ठेवविला. नंतर जीव बाहेर पडताना दिसतो काय, हे पाहिले. काही दिसले नाही. दुसऱ्या एका गुन्हेगाराचे त्याने मरणापूर्वी व मरणानंतर वजन केले, तेव्हा प्रेत अधिक जड भरले. (१९०७ साली अमेरिकेत डंकन मॅक्डुगल नावाच्या डॉक्टराने मरणासन्न रुग्णांचे वजन करून आत्म्याचे वजन २१ ग्रॅम ठरविल्याची वार्ता अजून लोक सांगतात. तेथे प्रेत हलके भरले. दोन्ही प्रयोगांची किंमत सारखीच.) पायासिला उत्तर देणारे कुमारकस्सप थेर दृष्टान्तांनी परलोकाची बाजू मांडतात, हे आपण लपवू नये, आजच्या वाचकाला त्यांतील पुष्कळ दृष्टान्त पटणार नाहीत. पण पायासिची पद्धत शास्त्रीय वाटते म्हणून त्याच्या बाजूला धावत जाणाऱ्यांनी कुंभात कोण होते, हेही विचारावे. प्रयोग करणारा सत्ताधीश आणि प्रयोगाची वस्तू बांधून आणलेला मनुष्य. त्याच्यावर हे करावे की नाही, हा प्रश्न प्रयोगातून सुटत नाही.

माझ्या मते या विषयावरील सर्वांत महत्त्वाचे सुत्त अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील तित्थायतनसुत्त होय, आणि आपल्याकडे ते जितके वाचले जावे तितके वाचले जात नाही. मनुष्य जे सुखदुःख भोगतो त्याविषयीची तीन मते भगवंत तेथे तपासतात : सर्व काही पूर्वकर्मामुळे घडते, सर्व काही ईश्वराच्या निर्मितीमुळे घडते, आणि सर्व काही कारणावाचून घडते. पाली शब्द आहेत पुब्बेकतहेतु, इस्सरनिम्मानहेतु आणि अहेतु-अप्पच्चय. तिन्ही मतांवर आक्षेप एकच आहे. असे असेल तर हत्या करणारा पूर्वकर्मामुळे हत्या करतो, चोर ईश्वरामुळे चोरी करतो, खोटे बोलणारा निष्कारण खोटे बोलतो. मग हे करावे व हे करू नये याला अर्थ काय उरला, आणि प्रयत्नाला जागा कोठे राहिली?

या सुत्तात ईश्वर एकटा उभा नाही. त्याच्या एका बाजूला दैववादी आहे आणि दुसऱ्या बाजूला यदृच्छावादी, म्हणजे ईश्वर नाही व कशाचेच कारणही नाही असे म्हणणारा. तिघांनाही एकाच निकषावर नाकारले आहे. ईश्वराचा नकार हा येथे आरंभबिंदू नाही. मनुष्य आपल्या कृत्याला जबाबदार आहे या भूमिकेतून तो निघतो. जन्माने मिळालेली हीनता पूर्वकर्माचे फळ होय, असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्यांच्यासाठी या तिघांपैकी पहिला नकार दुसऱ्याहून कमी मोलाचा नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर एवढा भर देऊन आघात का केला, हे या सुत्ताच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होते.

तिपिटकात देव आहेत, हे पालीच्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ब्रह्मा आहे, सक्क आहे; पण ते मरणाधीन आहेत आणि अज्ञानीही आहेत. केवट्टसुत्तात चार महाभूते कोठे निःशेष होतात, हे विचारणाऱ्या भिक्षूला महाब्रह्मा हाताला धरून बाजूला नेतो आणि इतर देवांसमोर सांगता आले नाही, पण ते आपल्यालाही ठाऊक नाही, अशी कबुली देतो! ब्रह्मजालसुत्तात तर या कल्पनेची उपपत्तीच दिली आहे. रिकाम्या ब्रह्मलोकात प्रथम जन्मलेल्या सत्त्वाला एकटेपणा जाणवतो, आणखी कोणी यावे असे त्याला वाटते, आणि योगायोगाने इतर सत्त्व तेथे जन्म घेतात. तो समजतो की हे आपण निर्माण केले. आणि नंतर आलेल्यांनाही तसेच वाटते. त्या सत्त्वांना बुद्धांनी जगातून हद्दपार केले नाही. त्यांच्याकडून कर्तेपण व अधिकार तेवढा काढून घेतला.

महाराष्ट्राच्या इतिहासात हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने दिसतो. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन करणारे महात्मा जोतीराव फुले निरीश्वरवादी नव्हते. सर्वांचा 'निर्मिक' ते मानीत, आणि त्या निर्मिकाच्या आधारेच सर्व स्त्री-पुरुष समान असल्याचे सांगत. गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादाकडे झुकलेले. सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. मिल व स्पेन्सर हे त्यांचे गुरू, आणि व्यक्तिस्वातंत्र्य हे त्यांचे दैवत. रघुनाथ धोंडो कर्वे उघड नास्तिक. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालविले आणि १९३४ साली त्यांच्यावरील अश्लीलतेच्या खटल्यात बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. विनायक दामोदर सावरकरांनीही मनुष्याच्या सुखदुःखाची काळजी वाहणारा देव मानला नाही. ग्रंथप्रामाण्य नाकारले, गाय हा उपयुक्त पशू असल्याचे लिहिले, यंत्राचा व विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार केला. पण त्यांची राजकीय विचारसरणी हिंदुत्वाची होती. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते, वैज्ञानिक होते आणि मार्क्सवादी होते. धर्मानंदांसारख्या पाली पंडिताच्या घरी वाढूनही त्यांनी पित्याची वाट धरली नाही.

या सर्वांना एका ओळीत बसविले की दिसते काय? आगरकर उदारमतवादी, कर्वे व्यक्तिस्वातंत्र्यवादी, सावरकर हिंदुत्ववादी, कोसंबी मार्क्सवादी. ईश्वराविषयीचा त्यांचा नकार कमीअधिक सारखा आहे, आणि समाज कसा असावा याची उत्तरे एकमेकांच्या विरोधी आहेत. उलट देव मानणारे फुले जातिभेदाच्या प्रश्नावर आपल्याला सर्वांत जवळचे, आणि बाबासाहेबांनी त्यांना गुरुस्थानी मानले. यावरून नास्तिक्य ही स्वतंत्र विचारसरणी आहे, असे म्हणता येणार नाही. ते एका प्रश्नाचे उत्तर आहे. विचारसरणीला पुष्कळ प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : मनुष्याने मनुष्याशी कसे वागावे, संपत्तीचे काय करावे, अन्याय झाला तर कोणत्या साधनाने दूर करावा. रशियात १९२५ साली निरीश्वरवाद्यांचा संघ निघाला, अल्बानियाने १९६७ साली सर्व प्रार्थनास्थळे बंद करून स्वतःला निरीश्वर राष्ट्र म्हणवून घेतले. पण तेथेही राज्य चालविणारी विचारसरणी साम्यवादाची होती, निरीश्वरवाद तिचा एक विभाग होता.

या म्हणण्याला एक अपवाद सांगितला जाईल आणि तो आपल्या नागपूरपासून दूर नाही. आंध्रातील गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, हे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. नास्तिक मतांमुळे त्यांना महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९४० साली त्यांनी मुदुनूर येथे नास्तिक केंद्र काढले. पुढे ते विजयवाड्याला गेले. १९४४ च्या अखेरीस ते सेवाग्रामला गांधीजींना भेटले. देव गेल्याशिवाय अस्पृश्यता जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांनी ते आचरणात आणले. आपल्या मुलीचे लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी त्यांनी ठरविले. गांधीजींनी त्या विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याच्या नावाने शपथ घेण्यास मान्यता दिली होती. त्यांच्या हत्येनंतर मार्च १९४८ मध्ये ते लग्न सेवाग्रामलाच झाले. गोरांविषयी मला अतिशय आदर वाटतो. त्यांनी नास्तिक्याला जीवनमार्ग बनविले, यात शंका नाही. पण ते बनविण्यासाठी त्यांना त्यात आंतरजातीय विवाह, सहभोजन, साधी राहणी, सत्याचा आग्रह हे सर्व घालावे लागले, आणि आपल्या मार्गाला 'विधायक' असे विशेषण जोडावे लागले. नुसता नकार पुरत नाही, हे त्यांनाही दिसले होते.

आता पुन्हा आपल्या मैदानाकडे येतो. रामदासपेठेतून ते पायी अर्ध्या तासाच्या आत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपल्याला पाठ आहेत, म्हणूनच कदाचित आपण त्यांच्या रचनेकडे पाहत नाही. देव आणि अवतार यांच्याविषयीच्या प्रतिज्ञा पहिल्या चार. पाचवी बुद्ध विष्णूचा अवतार असल्याच्या प्रचाराविरुद्ध आहे, म्हणजे ती इतिहासाविषयी आहे. सहावी श्राद्ध व पिंडदानाविषयी. समता, अष्टांगमार्ग, पारमिता, शील, प्राणिमात्रांवरील दया हे सर्व त्यांच्यानंतर येते, आणि त्यांची संख्या अधिक आहे. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. पहिल्या तीन प्रतिज्ञांत देव अस्तित्वात नाही, असे विधान नाही. त्यांना देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही, असे आहे. क्रियापदे प्रतिज्ञा घेणाऱ्याच्या आचरणाची आहेत. विश्वात कोण आहे, यापेक्षा मी कोणापुढे वाकणार नाही, हे तेथे ठरविले आहे. पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीखाली उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडी हीच भाषा योग्य होती.

विज्ञानाविषयी बाबासाहेबांची भूमिकाही अशीच मोजूनमापून घेतलेली आहे. १९५० साली 'महाबोधि' नियतकालिकात आलेल्या बुद्ध व त्यांच्या धर्माच्या भवितव्यावरील लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या सांगितल्या. धर्म बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, ही त्यांतील एक. स्वातंत्र्य, समता व बंधुता त्याने मान्य केली पाहिजेत, ही वेगळी. दारिद्र्याचे त्याने उदात्तीकरण करू नये, ही आणखी वेगळी. विज्ञानाशी सुसंगती एकटी पुरेशी असती तर पुढील कसोट्या लिहिण्याचे कारण नव्हते. मद्रासचे प्रा. पी. लक्ष्मी नरसू हे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकविणारे गृहस्थ. बौद्ध धम्माचे सार सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०७ साली निघाला. १९४८ साली बाबासाहेबांनी तो प्रस्तावनेसह पुन्हा प्रसिद्ध केला. एका विज्ञानाच्या प्राध्यापकाचा बौद्धग्रंथ त्यांना आवडला हे खरे, पण प्रस्तावनेत त्यांनी गौरविला आहे तो नरसूंचा लढा : युरोपियनांचा उद्दामपणा, सनातन हिंदू धर्म व आक्रमक ख्रिस्ती प्रचार यांच्याशी त्यांनी दिलेला.

येथे आपल्याच घरातील एका दोषाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पुष्कळ विहारांच्या भिंतींवर व जयंतीच्या फलकांवर बौद्ध धर्म हाच भविष्यातील विश्वधर्म होय, अशा आशयाचे वाक्य आइन्स्टाइनच्या नावाने लिहिलेले असते. ते वाक्य आइन्स्टाइनच्या लेखनात सापडत नाही. नोव्हेंबर १९३० मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'मधील धर्म व विज्ञान यांवरील लेखात वैश्विक धर्मभावनेचा अंश बौद्ध धर्मात अधिक असल्याचे त्याने म्हटले आहे, आणि ते शोपेनहॉवरच्या ग्रंथांवरून समजल्याचेही तेथेच सांगितले आहे. खरे वाक्य हाताशी असता खोटे का वापरावे? हाच रोग पुढे वाढून पटिच्चसमुप्पाद म्हणजे सापेक्षतावाद, अनित्यता म्हणजे पुंजभौतिकी, अशी समीकरणे होतात. वेदांत विमाने होती असे म्हणणाऱ्यांना आपण हसतो, आणि इकडे सुत्तांत अणुशास्त्र शोधतो. कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीही पुनर्जन्माच्या विवेचनात पदार्थ व ऊर्जा यांच्या अक्षयतेचा आधार घेतला आहे. माझ्या वाचनाप्रमाणे तेथे त्यांचा हेतू आत्म्याला जागा उरू नये हा आहे; धम्म ही भौतिकशास्त्राची शाखा आहे, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

कालामांना केलेल्या उपदेशाचीही आपण अशीच सोयीस्कर छाटणी करतो. परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथ यांवर विसंबू नका, एवढे आपण सांगतो. पण त्याच यादीत तक्क आणि नय, म्हणजे तर्क आणि अनुमान यांवरही केवळ विसंबू नका, असे आहे. मग कसोटी कोणती? हे अकुशल आहे, सुज्ञांनी निंदिलेले आहे, याने अहित व दुःख होते, असे स्वतःला कळेल तेव्हा सोडा. ही नीतीची कसोटी आहे. प्रयोगशाळेशी तिचे वैर नाही. पण तिचे क्षेत्र निराळे आहे.

विज्ञान शिकल्याने मनुष्य निरीश्वर होतो, असेही दिसत नाही. रामदासपेठ ही डॉक्टरांची वस्ती. येथील कोणत्याही रुग्णालयाच्या प्रवेशाजवळ पाहावे, बहुधा एक देव्हारा असतो. अवकाशयान सोडण्यापूर्वी त्याची प्रतिकृती तिरुपतीच्या चरणी ठेवणारे शास्त्रज्ञही आपण पाहतो. उलट, १९८२ साली नागपुरात सुरू झालेली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती काय, किंवा डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून चालविलेली महाराष्ट्र समिती काय, दोन्ही चळवळींनी देव न मानणे ही कार्यकर्त्याची अट ठेवली नाही. शोषण करणाऱ्या बुवाबाजीला त्यांनी विरोध केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकाच्या कर्तव्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टी, मानवतावाद आणि शोधक व सुधारक वृत्ती या गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत; तेथेही विज्ञान एकटे नाही.

हे सर्व मी पुढच्या रविवारी वर्गात मांडले. तो विद्यार्थी लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्याने एक आक्षेप घेतला आणि तो येथे नोंदविणे मला आवश्यक वाटते. तो म्हणाला, "सर, तित्थायतनसुत्तातील युक्तिवाद परिणामावरून केलेला आहे. ईश्वर मानला तर प्रयत्न व्यर्थ ठरतो, हे कबूल. पण एखाद्या मताचे परिणाम वाईट आहेत एवढ्यावरून ते मत असत्य ठरत नाही." आक्षेप बरोबर आहे. त्या सुत्तात ईश्वराच्या अभावाचे प्रमाण नाही. त्या मताने जगणाऱ्याचे काय होते, एवढेच आहे. प्रमाणाची चर्चा हवी असेल तर भूरिदत्त जातकातील ब्रह्मदेवाविषयीच्या गाथांकडे आणि पुढे शांतरक्षिताच्या 'तत्त्वसंग्रहा'तील ईश्वरपरीक्षेकडे जावे लागेल. आजोबा मध्येच म्हणाले, "पण त्या परिणामातच तर आम्ही जगलो ना!" त्यावर विद्यार्थी काही बोलला नाही. आता आम्ही ईश्वरपरीक्षेचे प्रकरण वाचावयास घेतले आहे. संस्कृत कठीण आहे, आणि आजोबाही येतात.